दुसरा ब्रेक

असल्फ्याच्या चढावर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा लूर्डसबाईंनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "सर, एक बोलू? तुम्ही माझ्याकडे बघू नका ना. जरा बाहेर बघा." मागे रिक्षावाल्यांनी हॉर्नचा नुसता धिंगाणा घातला होता, एकजण तर बाजूने काढताना आत डोकावून 'आंटी, रहने दो' म्हणून गेला, आणि ह्या बाई मला बाहेर बघायला सांगत होत्या. मला चीडच आली. सत्तावीस वर्षं मी शिकाऊ माणसांच्या डाव्या हाताला बसतोय. त्यांचे पाय, त्यांचे हात, आरशाकडे जाणारी किंवा न जाणारी त्यांची मान, हे बघणं हेच माझं काम. माझ्या पायाखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवलेला असतो, तो काय शोभेला? पण बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, कुर्ल्याच्या ख्रिश्चन गावातल्या, मुलगा कॅनडाला जाताना गाडी दारात ठेवून गेला म्हणून हट्टाने शिकायला आलेल्या. त्यांना काय बोलणार? म्हटलं, बघतो बाहेर. बाहेर एक इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होता. मी त्याच्याकडे बघत बसलो, आणि कशी कोण जाणे, गाडी हलली. झटका नाही, काही नाही. हाफ क्लचवर थांबली, उचलली, आणि चढ संपायच्या आत बाई दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा गेल्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, बघितलंत? मी म्हटलं, नाही बघितलं, तुम्हीच नको म्हणालात. त्या खूप हसल्या. मग रुमालाने हात पुसत सहज बोलल्यासारखं बोलल्या, "तुम्ही बघता ना सर, तेव्हा माझा पाय माझा राहत नाही."

पुढचा अर्धा तास मी त्यांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. चेंबूर नाक्यापर्यंत जाऊन आलो एवढं खरं. माझा पाय सवयीने ब्रेकवर जायचा, मी तो मागे ओढून घ्यायचो, पण लक्ष गाडीत नव्हतं. कारण खिशातला फोन. सकाळी सातला त्यावर एक मेसेज आला होता, आणि तो माझ्यासाठी नव्हता. तीन वर्षांपूर्वी श्रुतिकाने, माझ्या मुलीने, गाड्यांच्या रेसच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा खेळायला फॉर्म भरला तेव्हा ती सतरा वर्षांची होती, म्हणून त्यात पालकाचा मोबाइल द्यावा लागला. तेव्हापासून दरवर्षी ऑगस्टमध्ये ते लोक मला कळवतात की नावं घेणं सुरू आहे, आणि मग कळवतात की आज शेवटचा दिवस. मागची दोन वर्षं मी ते मेसेज वाचले आणि पुसून टाकले. तिला सांगितलं नाही. कशाला उगाच खपली काढायची, असं स्वतःला समजावलं, आणि समजलोही. ह्या वर्षी मात्र खाली एक ओळ जास्त होती. वय एकवीसच्या आत हवं. श्रुतिका नोव्हेंबरात एकवीसची होते. म्हणजे आज रात्री आठ वाजेपर्यंत, नाहीतर कधीच नाही. मी तो पुसला नव्हता, पण तिला दाखवलाही नव्हता. चहा पिऊन, ती झोपलेली असताना, चोरासारखा बाहेर पडलो होतो.

पंतनगरच्या आमच्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत कॉम्प्युटरचं टेबल, त्याला घट्ट आवळून बसवलेलं खेळातलं स्टिअरिंग, खाली तीन पेडल. पेडल टाइलवरून मागे सरकायचे म्हणून तिने शेवंतीचा, म्हणजे तिच्या आईचा, वाटणाचा पाटा उचलून भिंत आणि पेडल यांच्यामध्ये अडकवला होता. शेवंतीने महिनाभर बडबड केली आणि मग मिक्सर घेतला. मला सुरुवातीला हा खेळ म्हणजे पोरखेळच वाटायचा. पण एकदा मागे उभा राहून बघितलं, आणि वाट लागली माझी. ती वळणाच्या आधी ब्रेक मारत होती, वळणात नाही. वळणाच्या पोटाशी गाडी टेकवून बाहेर सोडत होती. हे मी लोकांना वर्षानुवर्षं घसा फोडून सांगतो, आणि हिला कुणी सांगितलं होतं? माझ्या छातीत असं काही भरून आलं की मी दिवाणावर जाऊन बसलो, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी बसू लागलो. बोलायचो नाही काही. म्हणजे मला वाटायचं, बोलत नाही. पण वळण आलं की माझा उजवा पाय जमीन दाबायचा. असतं ना ते, सवय. सपाता टाइलवर चर्र करायच्या. कधी तोंडातून स्स्स निघायचं. एकदा तिने न वळताच सांगितलं की पप्पा, तुझा पाय वाजतो, आणि पाय वाजला की मी ब्रेक मारते. मला त्याची केवढी गंमत वाटली. मी ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. सहा फुटांवरून, मध्ये तार नाही काही नाही, माझा ब्रेक पोरीच्या गाडीला लागतो म्हणून.

तिची एक वही मला नंतर सापडली. स्टिअरिंग माळ्यावर टाकलं त्या दिवशी, टेबल झाडताना. तारीख, ट्रॅकचं नाव, एका लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, लागलेला वेळ, असं बारीक अक्षरात पानोपान. काही ओळींपुढे कोपऱ्यात 'प' काढलेला. मी आधी म्हटलं प म्हणजे पास असेल, पाऊस असेल. मग बघत गेलो तर ज्या ज्या ओळीपुढे प, ती ती ओळ दीड सेकंद, दोन सेकंद मागे. दीड सेकंद म्हणजे त्या खेळात काय ते मला तोवर कळायला लागलं होतं. एक मंगळवार होता, त्या दिवशी मी मालाडला लग्नाला गेलो होतो, त्या ओळीवर तिने आनंदाने दोनदा गोल केला होता. मी दिवाणावर बसून त्या वहीतले सगळे प मोजले आणि वही होती तिथे ठेवून दिली. मला रडू नाही आलं. लाज वाटली, नुसती लाज, कानापर्यंत.

आणि मला काय हे माहीत नव्हतं? मी लायसन्सची टेस्ट दिली तेव्हा माझे वडील मैदानाच्या कडेला चिंचेखाली येऊन उभे होते. गिरणी बंद पडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, ते कुठे कुठे वॉचमनकी करायचे, आणि त्या दिवशी खाडा करून आले होते. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. आठचा आकडा मी झोपेतही काढला असता, पण अर्ध्यावर मला तो पांढरा सदरा दिसला आणि गाडी सरळ खांबावर गेली. परत येताना रस्ताभर ते एकच बोलत होते, "खांबच वाकडो होतो रे." मी हो हो म्हणत होतो. त्यांना कधी सांगितलं नाही. ते गेले तरी त्यांना वाटत असणार खांबच वाकडा होता. तर हे एवढं सगळं माझ्या अंगावर झालेलं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ बाजूच्या सीटवर घामेजलेले हात बघण्यात माझं आयुष्य गेलेलं, आणि स्वतःच्या पोरीच्या पाठीमागे बसताना हे मला एकदाही सुचू नये? अक्कल कुठे गहाण पडते माणसाची, कोण जाणे.

फायनलच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, पप्पा, उद्या तू नको बसूस हां, प्लीज. पहिल्या तिघांना टीममध्ये घेणार होते, दक्षिणेत कुठेतरी नेऊन महिनाभर शिकवणार होते, आणि त्यातून एकाला खऱ्या ट्रॅकवर खरी गाडी मिळणार होती. खरी गाडी, हे सांगताना तिचा आवाज चिरकला. मी म्हटलं, अगं हो, मी काय बसून करणार, मला उद्या क्लासही आहे. क्लास नव्हता. दुखलं मला, खोटं कशाला बोलू. पण शब्द दिला. आणि रविवारी दुपारी चारला रेस सुरू झाली तेव्हा मी सपाता बाहेरच्या खोलीत काढल्या आणि अनवाणी जाऊन पडद्यापाशी उभा राहिलो. दार नव्हतंच मधे, पडदाच होता, तो दोन बोटं बाजूला केला. तिच्या कानावर हेडफोन. पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, तिला कसं कळणार? कळलं नाही तर ते बघणं कुठे झालं? शेवंती स्वयंपाकघरातून मला बघत होती. तिने हळूच विचारलं, थंय कित्याक उभे रवलात? मी ओठांवर बोट ठेवलं. तिने मान फिरवली आणि भाजी चिरायला लागली.

बारा लॅप होते. ट्रॅक कुठल्याशा समुद्राकाठच्या शहरातला, एका बाजूला पाणी, एका बाजूला हॉटेलं, आणि मध्ये एक लांब बोगदा. ती सातवी होती, मग पाचवी, मग चौथी. आठव्या लॅपला तिसरी झाली. मी श्वास धरून उभा होतो, पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या अंगठ्यावर दाबून, जमिनीला काही लागू नये म्हणून. मागची गाडी तिला चिकटलेली होती, स्क्रीनवरच्या आरशात सारखी दिसत होती. दहाव्या लॅपच्या सुरुवातीला, बोगद्याच्या जरा आधी, मी तिथून निघालो. स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला, एक ग्लास पाणी प्यायलो, आणखी एक प्यायलो. आतून काहीच आवाज नाही. मग खुर्ची सरकली. मी बाहेर आलो तेव्हा ती पडद्यात उभी होती आणि म्हणाली, "नेट गेलं."

नेट गेलं नव्हतं. स्क्रीनवर गाडी भिंतीला नाक लावून उभी होती आणि बाकीच्यांच्या गाड्या तिच्या बाजूने सूं सूं जात होत्या, हे मी तिच्या खांद्यावरून बघितलं. नेट गेलेलं असतं तर त्या जाताना दिसल्या असत्या का? तरी मी काय करावं? मी खाली उतरलो आणि आमच्या लाइनीत नेट पुरवणाऱ्या सुशांतला, चाळीशीचा सज्जन माणूस, भर बिल्डिंगसमोर वाट्टेल ते बोललो. पोरीचं वाटोळं केलंस म्हटलं. लोक जमले. तो बिचारा शिडी घेऊन आला, दोन तास वायर तपासत बसला, नवी टाकली, आणि वर येऊन श्रुतिकाला सॉरी म्हणाला. ती म्हणाली, असू दे काका. माझ्याकडे तिने बघितलं नाही. तेव्हा माझी खात्रीच पटली की हिने मला बघितलंय. बोगद्यात स्क्रीनची काच काळी होते, त्या काळ्या काचेत मागचं सगळं दिसत असणार, पडदा, पडद्यातलं माझं तोंड, पांढरा बनियन. मला बघून तिचा हात चुकला, आणि मला वाचवायला ती नेटवर ढकलतेय. सुशांत अजून भेटला की विचारतो, साहेब, नेट बरोबर आहे ना? तीन वर्षं मी त्याला बरोबर आहे म्हणतोय आणि दुसऱ्या गल्लीतून जायचं बघतोय.

पुढे ती बी.कॉम. झाली, पवईला एका ऑफिसात लागली. हसते, बोलते, मैत्रिणींबरोबर फिरते. काही बिघडलं नाही, असं कुणीही म्हणेल. फक्त मध्ये एकदा शेवंतीने माळा आवरू या म्हटलं तर ती म्हणाली, ते स्टिअरिंग देऊन टाका कुणालातरी, माझे हात त्यातले नाहीत. माझे हात त्यातले नाहीत. हे ऐकून मी जेवता जेवता उठलो होतो. तिला वाटत होतं तिच्या हातात खोट आहे. मला बघून हात चुकला तरी दोष ती हातांनाच देत होती, आणि मी माझी लाज झाकायला तिला तसंच वाटू देत होतो. आज लूर्डसबाईंना सोडल्यावर मी गाडी झाडाखाली लावली आणि बराच वेळ बसून राहिलो. संध्याकाळचे दोन क्लास रद्द केले. मनात वाक्यं जुळवली. तुझे हात चांगले आहेत, मी बघत होतो म्हणून तू हरलीस, मी दिलेला शब्द मोडला होता. एवढं सांगितलं की ती मोकळी होईल, फॉर्म भरेल, आणि मी रेसच्या दिवशी सरळ मुलुंडला बहिणीकडे जाऊन बसेन. बाहेर बघत. असा सगळा हिशेब मी मांडला आणि मला जरा बरं वाटलं, खरं तर जरा जास्तच बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा साडेसहा झाले होते. शेवंती प्रसूतिगृहात ड्यूटीवर. श्रुतिका स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कोळंबी साफ करत होती, एका पातेल्यात सोललेली, एका वर्तमानपत्रावर टरफलं. मी समोर स्टूल घेऊन बसलो. इकडचं तिकडचं काही बोलायला गेलो, ते जमेना, म्हणून एकदम सांगून टाकलं.

"श्रुती, त्या दिवशी मी पडद्यामागे उभा होतो."

"माहितीये," ती म्हणाली. कोळंबीचा काळा दोरा काढून बाजूला ठेवला. "चौथ्या लॅपला दिसलास. बोगद्यात."

मी म्हटलं, तेच तर, म्हणूनच तू हरलीस, त्यात तुझ्या हातांचा काही दोष नाही. जुळवलेलं सगळं भडाभडा ओकलो, वहीतल्या प पर्यंत. ती ऐकत होती, आणि तिच्या कपाळावर आठी पडत गेली, माणूस भलताच पत्ता विचारतो तेव्हा पडते तशी. मग तिने सांगितलं. पहिल्यांदा दिसलो तेव्हा तिचं डोकंच फिरलं होतं. हेडफोन काढून मला हाकलावं असं वाटलं होतं. पण पाचव्या लॅपला लक्षात आलं की पाय वाजत नाहीये, एरवी हेडफोनमधूनही तो ऐकू यायचा. मी नुसता उभा आहे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी नुसता उभा होतो. मग दर लॅपला बोगदा आला की ती काचेत बघायची, आहे का, आणि मी असायचो, आणि ती बाहेर पडून आणखी जोरात मारायची. सहाव्याला होतो, सातव्याला होतो. तिसरी झाली ती आठव्याला, तेव्हा मी काचेत हसत होतो म्हणाली. मला ते आठवत नाही.

"दहाव्याला नव्हतास. मी दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा बघताना भिंत आली."

मी काहीतरी पुटपुटलो. की मला वाटलं तुला त्रास होईल, मला माझा बनियन काचेत दिसला, म्हणून मी सरकलो. ती म्हणाली, हो? एवढंच. मग पुन्हा कोळंबी घेतली, आणि खाली बघतच बोलली, "मला वाटलं, तुला माझं बघवत नाही."

खोलीत कोळंबीचा वास होता, वर पंखा फिरत होता, आणि मला तसं नाही गं म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण बनियनबिनियन मला त्या दिवशी काही दिसलं नव्हतं. ते मी नंतर बनवलं, तीन वर्षांत घोटून घोटून गुळगुळीत केलं. दिसली होती ती आरशातली मागची गाडी. ती आता हिला मागे टाकणार, ही चौथी होणार, खरी गाडी जाणार, आणि हे सगळं मला उभ्याने बघावं लागणार, पायाखाली काहीही नसताना. शिकाऊ माणसाच्या बाजूला मी सत्तावीस वर्षं निवांत बसलो ते माझ्याकडे ब्रेक असतो म्हणून. पोरीच्या मागे ब्रेक नव्हता, तर मी पाणी प्यायला गेलो. आणि वर तीन वर्षं मी स्वतःला दोष देत होतो तोही सोयीचा, बघितल्याचा. न बघितल्याचा नाही.

"नाही बघवलं," मी म्हटलं. "तू हरणार असं वाटलं आणि मी पळालो."

तिने मान डोलावली, कधीचं ठाऊक असलेलं कुणी उशिरा सांगितल्यावर डोलावतात तशी. मी फोन काढून मेसेज तिच्यापुढे धरला. मागच्या दोन वर्षांचे पुसले तेही सांगितलं, आता काय लपवायचं. ती वाचत होती आणि तिचे ओठ बारीक होत गेले. दोन वर्षं, पप्पा? ती म्हणाली. मी म्हटलं, दोन वर्षं. मग तिने कोपराने फोन बाजूला सारला आणि मला वाटलं, झालं, आता ही उठून जाणार आणि आठ वाजणार. भिंतीवर सात वाजून दहा झाले होते.

"भरते फॉर्म," ती म्हणाली. "पण ह्या वेळी बसायचं. शेवटपर्यंत. हरले तरी."

मी हो म्हटलं. ती हात न धुता तशीच बसून माझ्याकडे बघत राहिली, मी खरंच हो म्हणतोय का ते. एवढंसं बघणं, पण मला मान वर धरता येईना. मी पातेल्यातल्या कोळंबीकडे बघत पुन्हा एकदा हो म्हटलं, आणि तो हो पहिल्यापेक्षा बारीक निघाला.